वडाचा कोंड ते नैरोबी

वडाचा कोंड, ता. मंडणगड
१४ जुलै १९८६

चि. चंपू,

पाच वर्षांनी लिहिते आहे, त्यामुळे तब्येत कशी वगैरे विचारत बसत नाही. तुझी तब्येत मला गिरणीवर कळली. नाचणी दळायला गेले होते, तर गंगुबाई पीठ चाळता चाळता म्हणते, "काय हो गुरुजीनबाई, पेढे कधी?" मी म्हटलं, कसले पेढे? तर म्हणते, "अगो बाई, आईलाच ठाऊक नाही! चंपूला दिवस गेलेत ना. तिसरा सरला. सीताबायला नैरोबीहून पत्र आलंय." सगळ्या बायका दळण सोडून माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "मला ठाऊक आहे. उगाच दृष्ट नको म्हणून बोलले नाही." आणि तशीच घरी आले. पीठ गिरणीवरच राहिलं.

सीताबाईला कळवतेस आणि मला नाही. ती तुझी सासू आहे, तिला कळव, माझं काही म्हणणं नाही. पण एक ओळ मला लिहिली असतीस तर तुझी शाई संपली नसती.

आता मुद्द्याचं. पहिलं बाळंतपण माहेरी. हा नियम मी काढलेला नाही, माझ्या आजीच्याही आधीपासून चालत आलाय. सातव्यात इकडे ये. ये म्हटल्यावर तुला आपली ओटी आठवेल हे मला कळतं. त्या दिवशी जे झालं ते तुझ्या आप्पांच्या हट्टामुळे झालं. शाळेतले गुरुजी, गावात मान, पुरुषमाणसाचा राग. मी मध्ये काय बोलणार होते? आता पाच वर्षं झाली. माणसं निवळतात.

हे पत्र आप्पांना माहीत नाही. तू त्यांना लिहू नकोस. उत्तर माझ्याच नावाने पाठव. धोंडू पोस्टमनला सांगून ठेवलंय, नैरोबीचं पाकीट असलं तर थेट मागच्या दारी यायचं.

रात्री उताणी झोपू नकोस. पपई खाऊ नकोस.

आई


वडाचा कोंड
२५ ऑगस्ट १९८६

चि. चंपू,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. चारच होत्या, मी मोजल्या. "आई, नैरोबी मुंबईहून अठ्ठावीसशे मैल आहे. सातव्या महिन्यानंतर विमानात घेत नाहीत. इथे इस्पितळ चांगलं आहे. तू त्रास घेऊ नकोस." आणि खाली नुसतं चंपा. "तुझी" नाही, काही नाही. विजेच्या बिलावरसुद्धा "आपला" असं छापलेलं असतं गो!

तुला येता येत नाही ना? ठीक. मग मी येते.

हसू नकोस. मी हेदवीच्या पुढे गेलेले नाही, तिथल्या गणपतीला गेले होते तेव्हा एसटीत तीनदा ओकले होते, हे सगळं माझं मला आठवतं. पण तू अठ्ठावीसशे मैल लिहिलंस आणि तुला वाटलं, आई आकड्याला घाबरून गप्प बसेल. मंडणगडहून मुंबईला एसटीला आठ तास लागतात, तेही गाडी बंद पडली नाही तर. आपल्या बाळाला, म्हणजे माझ्या भाच्याला, मी मुंबईला पत्र टाकून विचारलं. तो म्हणतो, मुंबई ते नैरोबी विमान सहा तासांच्या आत-बाहेर नेतं. म्हणजे तू मला मुंबईपेक्षा जवळ आहेस! इतकी वर्षं लांब लांब म्हणून रडत बसले ते फुकटच.

पासपोर्टचा अर्ज भरला. मंडणगडला फोटो काढला. फोटोवाला म्हणतो, "काकी, जरा हसा." म्हटलं, मेल्या, पासपोर्टला हसतात का? फोटोत मी दरोडेखोरासारखी दिसते आहे. तुझ्या दारातला शिपाई मला आत सोडणार नाही.

अर्जावर तुझ्या आप्पांची सही लागली. मी म्हटलं, काशीयात्रेला लागतो म्हणे आता. त्यांनी चष्मा लावून सगळा अर्ज वाचला. जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस, त्याला काय काशीला पासपोर्ट लागत नाही हे कळत नसेल? पण सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि परसात निघून गेले. हल्ली असेच असतात. मी त्यांच्याकडे फार बघत नाही.

येण्याचा विचार पक्का आहे. तू नको म्हटलंस तरी पक्का आहे.

आई


वडाचा कोंड
५ ऑक्टोबर १९८६

चि. सौ. चंपू,

आज पत्र लांब होणार. बसून वाच. पाय खाली लोंबकळत ठेवू नकोस, सूज येते.

बाळाने विमानाच्या वेळा कळवल्या. मुंबईहून सकाळी सहाला निघतं आणि नैरोबीला साडेनऊला पोचतं. नैरोबीहून परत येणारं सकाळी अकराला निघतं आणि मुंबईला संध्याकाळी साडेसातला. मी बोटांवर मोजलं. जायला साडेतीन तास, यायला साडेआठ! म्हटलं, हे काय गौडबंगाल? याच बाळाने मला सहा तास म्हणून लिहिलं होतं.

धोंडूला विचारलं. तो म्हणाला, "सोप्पं आहे काकी. जायला उतार असणार. आपली एसटी बंदराकडे उतरते तेव्हा कशी भरारा जाते, आणि येताना घाट चढायला घरघरत बसते, तसंच." गंगुबाईलाही ते पटलं. म्हणाली, विमान वरून खाली समुद्रावर उतरत जात असेल. मला खरं सांगू? मलाही पटलं. आपल्याकडे कुठेही जायचं तर एकीकडे उतार आणि दुसरीकडे चढच असतो. पण मग रात्रभर डोक्यात भुंगा. साडेतीन तासांत उतरायचं असेल तर विमान किती उतारावरून जाणार? मला एसटीत सुद्धा उतारावरच उलटी होते.

आप्पांना विचारणं शक्य नव्हतं. गावात विमानात बसलेलं माणूस एकच. तुझी सासू. दोन वर्षांपूर्वी नैरोबीला जाऊन आली, तेव्हा मी आमच्या खळ्यातून तिला एसटीतून उतरताना बघितलं होतं. डोक्यावर ट्रंक होती. मी आत गेले होते.

चंपू, मी या गावात चौतीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आले. ओढ्यावरचा साकव ओलांडून बौद्धवाडीत एकदाही गेले नव्हते. परवा गेले. आपल्या कुंपणाच्या बेड्यापासून, म्हणजे फाटकापासून, सीताबाईच्या अंगणापर्यंत चारशे बारा पावलं आहेत. मोजत गेले, कारण दुसरं काय करावं सुचत नव्हतं, आणि मोजणं थांबवलं असतं तर माघारी फिरले असते.

ती अंगणात भात पाखडत होती. मला बघून सूप थांबलं नाही. म्हणाली, "वाट चुकलाव काय?"

मी म्हटलं, "नाही. नैरोबीला जायचं आहे. विमानाचं विचारायला आले."

तिने सूप खाली ठेवलं. मी अंगणातच उभी होते, पायरीजवळ. ती म्हणाली, "भायेर नको. आत या. आमच्यात मानसाला भायेर बसवायची पद्धत नाय."

असं बोलली. आवाज चढवला नाही. मी आत गेले. घर लखलखीत सारवलेलं, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली तुझा आणि जयवंतचा. तू पिवळी साडी नेसली आहेस. तो फोटो मी पहिल्यांदा बघितला. तिने पाण्याचा पेला पुढे केला. माझा हात थांबला, चंपू. फार नाही, एक श्वासभर. तिने ते बघितलं. मग मी पेला घेतला आणि तळापर्यंत प्याले. मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा रागही आला. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

उतार-चढावाचं सांगितलं तर ती खदखदून हसली. मग म्हणाली, "मला पन तसाच वाटलेला. येताना सूर्य लौकर बुडाला, तर मी विमानात रडायला लागले. म्हटला माजा अर्धा दिस कुनी खाल्लान? मग जयवंताने पत्रातनं समजावलान. तितला घड्याळ आपल्या अडीच तास मागं हाय. हितं साडेनऊ झाले की तितं सात. जाताना सहा तास, येताना सहा तास. घड्याळ मागं असतंय, मानूस नाय."

मग तिने मला सगळं शिकवलं. पट्टा कसा लावायचा, कान बंद झाले की काय करायचं, मोरीचं दार कसं सरकतं. एक गरम कोट काढून दिला, म्हणाली, सकाळी तिथे थंडी असते. पाटावर बसवून माझ्या कमरेला दोरी बांधून पट्ट्याचा सराव करून घेतला! दोघी हसलो. मी किती दिवसांनी हसले.

मी विचारलं, "तुम्ही का नाही जात बाळंतपणाला?" तर म्हणाली, "पयला बाळंतपण म्हायेरचा. तो मान तुमचा. मी कशाला घेऊ?"

निघताना अंगणापर्यंत आली आणि म्हणाली, "येक इचारू? तुमी लेकीकडे निघालाव. बरा झाला. पन ज्या घरात जाताव त्या घराचा दार माज्या मुलग्याचा हाय. त्याचा काय?"

कोट काखेत घेऊन घरी आले.

डॉक्टरने लोहाच्या गोळ्या दिल्या असतील. दुधाबरोबर घेऊ नकोस.

आई


वडाचा कोंड
९ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. चंपू,

तुझं पत्र आलं. या खेपेला दोन पानं आहेत.

तू लिहितेस, "आप्पांनी स्वतः एक ओळ लिहावी की जयवंतला त्यांच्या घरात येता येईल. तेवढं झालं तर ये. नाही तर आई, तू माझ्या घरी येऊ नकोस. ज्या माणसाला तुम्ही उंबऱ्याबाहेर ठेवलंत, त्याच्या घरात तू कोणत्या तोंडाने बाळंतपण करणार?"

आप्पांचं काय मध्येच? ते म्हातारे झाले. त्यांना कशाला त्रास? मी येते आहे ना? बाळंतपण मी करणार की आप्पा? अट घालायची तर मला घाल. इतकी मोठी झालीस की आईला घरी येऊ नकोस म्हणून लिहितेस!

पासपोर्ट आला. पोलीस घरी येऊन चौकशी करून गेला. आप्पांनी त्याला चहा दिला आणि म्हणाले, "बायको काशीला निघाली आहे." पोलीस गोंधळला. आप्पा हसले नाहीत.

जयवंतने व्हिसाला लागणारं पत्र सीताबाईकडे पाठवलं. तिने ते स्वतः मागच्या दारी आणून दिलं. मागच्या दारीच आली, आणि मीही पुढून या म्हटलं नाही. त्याने ते तुला सांगून पाठवलं की न सांगता, मला माहीत नाही. त्यात लिहिलंय, "माझ्या पत्नीच्या आई श्रीमती विमला यांच्या राहण्या-जेवणाची जबाबदारी मी घेतो." खाली त्याची सही. अक्षर अजून तसंच आहे, आप्पांच्या वर्गात असतानासारखं गोल.

आप्पांना मी विचारणार नाही. ते विचारण्यासारखं नाही. तू हट्ट सोड.

आई


वडाचा कोंड
२४ नोव्हेंबर १९८६

चंपू,

मागचं पत्र टाकून आले तेव्हाच कळलं होतं की ते खोटं आहे. धोंडूकडून परत मागायला गेले, पण थैली गेली होती. आता हे वाच. फाडू नकोस, आधी शेवटपर्यंत वाच.

३ मे १९८१. तुम्ही दोघं दुपारच्या गाडीने आलात. ओटीवर टेकलात. तू विचारलंस, "आप्पा कुठे?" मी म्हटलं, "माजघरात आहेत. ते म्हणालेत, त्याला उंबरा ओलांडू द्यायचा नाही."

आप्पा माजघरात नव्हते. ते परसाच्या टोकाला जाळी लावलेल्या लांब काठीची घळ घेऊन आंबे काढत होते. तुम्ही आलात हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ते वाक्य माझं होतं. मी त्यांच्या तोंडी घातलं.

मग मी पाणी आणलं. तुला तांब्या-भांडं. आणि जयवंतला वळचणीचा तो कप, कान तुटलेला, निळ्या फुलाचा. त्या वाडीतल्या गड्यांना पाणी द्यायला तुझ्या आजीने ठेवलेला. मीच हात वर करून तो काढला. जयवंतने कप घेतला, बघितला, ओटीच्या कडेला भरलेला तसाच ठेवला. म्हणाला, "येतो काकी." तू त्याच्यामागून उठलीस. तुम्ही बेड्याबाहेर गेलात तेव्हा मला हाक मारता आली असती. मी नाही मारली.

थोड्या वेळाने आप्पा आंब्यांची पाटी घेऊन पुढे आले. कप बघून म्हणाले, कोण आलं होतं? मी सांगितलं, चंपू आली होती, त्याला घेऊन. म्हटलं, आप्पा येईपर्यंत थांब, तर म्हणाली, मला कुणाला भेटायचं नाही, या घराशी माझा संबंध संपला. ते पाटीशेजारीच बसले. तो सगळा आंबा त्यांनी वाटून टाकला.

तुला वाटतं आप्पांनी हाकललं. त्यांना वाटतं तू तोडलंस. दोन्ही मीच केलं. आणि पहिल्या वर्षी तू आप्पांना दोन पत्रं पाठवलीस ना? ती मी धोंडूच्या हातातून घेतली. जाळली नाहीत. माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवली होती.

का केलं विचारशील. मला भीती वाटली. तो एकदा आत आला की विहिरीवर, गिरणीवर, हळदीकुंकवाला माझी जागा गेली असं वाटलं. गावातल्या चार बायकांच्या शेजारची जागा राखायला मी तुला घालवलं. यापेक्षा मोठं कारण नाही. मी शोधलं, सापडलं नाही.

गेल्या रविवारी जेवताना आप्पांना सगळं सांगितलं आणि ती दोन पत्रं पानाशेजारी ठेवली. त्यांनी ताटातच हात धुतला. पत्रं घेऊन ओटीवर गेले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. आठ दिवस झाले, ते माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. स्वतः विहिरीवर जातात, कळशी भरतात, ओंजळीने पितात. चौतीस वर्षांत या माणसाने कधी पाण्याची कळशी उचलली नव्हती. आता खांदा दुखतो त्यांचा. मी बघत राहते. कुणी आपल्या हातचं पाणी नाकारलं की कसं वाटतं, ते मला या वयात समजलं.

तू मला येऊ नकोस म्हणालीस, ते बरोबर आहे. पण मी येणार आहे. माफी पत्राने मागायची नसते.

विमला


वडाचा कोंड
१२ डिसेंबर १९८६

चि. सौ. चंपू जयवंत,

तुझं उत्तर आलेलं नाही. येईपर्यंत थांबले तर बाळ आधी येईल. म्हणून निघते. २९ तारखेचं विमान आहे, सकाळी सहाचं. तुमच्या घड्याळात साडेनऊ, माझ्या घड्याळात बारा. मी घड्याळ वाटेत लावून घेणार नाही, दारात आल्यावर लावीन. उद्या मुंबईला बाळाकडे जाते. तिथे पिवळ्या तापाची लस टोचायची आहे. टोचल्यावर दहा दिवस थांबावं लागतं म्हणे.

आप्पांचं सांगते. दहाव्या दिवशी सकाळी ओटीवरून हाक मारली, "पाणी आण." मी तांब्या नेला. प्याले. मग म्हणाले, "शाळेची किल्ली आण." निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी जुन्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच आहे. दोघं शाळेत गेलो. त्यांनी तो मोठा पृथ्वीगोल काढला, धूळ पुसली, एक दोरा घेऊन मुंबईवर टोक धरलं आणि मला म्हणाले, "नैरोबी शोध." मला सापडेना. त्यांनी माझं बोट धरून नेलं. दोरा तोडला. सहा बोटं भरला. मध्ये सगळा समुद्र आहे, चंपू, एकही घाट नाही.

तो दोरा या पाकिटात आहे. आप्पांनी सांगितलंय तसंच लिहिते: "जयवंतला सांग, चौथीत असताना त्याने हा गोल मला न विचारता उचलला होता आणि मी छडी उगारली होती, मारली नाही. आता तो त्या गोलावर कुठे जाऊन बसला ते मी मोजून पाहिलं. त्याने आणि तू या घरात पुढच्या दाराने यावं. तू ओळ मागितलीस म्हणून मी लिहीत नाही, मला कुणी विचारलंच नव्हतं म्हणून आता लिहितो आहे." खाली त्यांची सही आहे बघ, हरिश्चंद्र. त्यांनी पासपोर्टचा अर्जही मागवलाय. म्हणाले, "आता मीही काशीला जातो."

काल सीताबाईला निरोप द्यायला गेले. परत चारशे बारा पावलं. आता मोजायची गरज नाही, पण सवय लागली. येताना तिला घेऊन आले, आणि पुढच्या दाराने आत आणलं. माजघरात पाटावर बसवली. गंगुबाई बेड्यावरून बघत होती. म्हटलं, बघ, पेढे पाहिजेत ना, आत ये. ती आली नाही. गिरणीवर आज कुणी माझ्याशी बोललं नाही. मी माझं दळण दळून आणलं. डोंबल त्यांचं.

सामान वीस किलोच चालतं. रेशनच्या दुकानातल्या काट्यावर तोललं. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, आमसुलं, कुळथाचं पीठ, चार दुपटी, दोन टोपडी. सुके बोंबील बाळा म्हणतो नेऊ नकोस, विमानात घाण सुटेल. मी सात पदरी बांधलेत, बघू कोण हुंगतो ते. सीताबाईने तुझ्या बाळासाठी गोधडी दिली, तिच्या आणि माझ्या जुन्या लुगड्यांची. माझं लुगडं तिने मागून घेतलं होतं, मला वाटलं होतं पोतेरं करायला नेलं.

आणि एक वस्तू आहे. तिचं वजन काहीच नाही. दुपट्यात गुंडाळून पिशवीत जवळ घेणार आहे. वळचणीचा तो कप.

मी ठरवलं आहे ते असं. जयवंत दार उघडेल तेव्हा मी उंबऱ्याबाहेर थांबेन. त्याने मला त्या कपात पाणी द्यावं, बाहेरच. मी पिईन. मग आत घ्यायचं की नाही, ते त्याचं घर आहे, त्याने ठरवावं.

सीताबाईला हे सांगितलं तर तिने कप हातात घेऊन फिरवून बघितला. मग म्हणाली, "माजा मुलगा असल्या कपातनं कुनाला पानी द्यायचा नाय. मी त्याला तसा वाडवला नाय. पन न्या तुमी. त्याच्या हातात द्या, तो काय करायचा ते करील."

बरोबर आहे तिचं. म्हणून कप मी त्याच्या हातात देईन आणि गप्प राहीन. मला गप्प राहता येत नाही, पण सहा तास वाटेत सराव करीन.

तो आत ये म्हणाला तर येईन. नाही म्हणाला, किंवा तू नाही म्हणालीस, तर रडणार नाही आणि भांडणारही नाही. तुमच्या दाराला पायरी असेल ना? त्या पायरीवर बसेन. लाडू पायरीवरून आत देता येतात. शेपा पायरीवर भाजता येतात. सीताबाईचा कोट आहे, थंडी वाजणार नाही. बाळ रडलं तर मला पायरीवर ऐकू येईल, आणि ते रडणं भुकेचं की पोटात दुखल्याचं हे मी तिथूनच सांगेन.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं, चंपू. तू माहेराला येऊ शकत नाहीस, म्हणून माहेर निघालं आहे. कळा सुरू झाल्या आणि मी दिसले नाही, तर दार उघडून बघ. माहेर पायरीवर बसलेलं असेल.

तुझी
आई